शेतातल्या शेडमधी कामाचा टेबल पायजेच, अन् तो घरच्या लाकडात होतो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी औसा तालुक्यातला शेतकरी आहे, वय 59, तुमचा पेपर आमच्या गावात सकाळी साडेआठच्या गाडीला येतो आणि मी आधी शेतीचं पान काढतो. त्या पानावर ट्रॅक्टर, ड्रोन, नवीन फवारणी यंत्र असं लाखातलं बरंच छापून येतं, ते यायलाच पायजे, पण शेतकऱ्याचा रोजचा वेळ अन् पैसा जिथं जातो ते कुठंच येत नाही म्हणून हे पत्र लिहायलोय. जरा लांबलंय पण शक्यतो पूर्ण छापा.

आमच्या गावात पान्याचा, करवतीचा, हातोडीचा तुटवडा कुणाच्याच घरी नाही. पोरांनी ड्रिल मशीन घेतलेत, ग्राइंडर घेतलेत. तरीबी फवारणी पंपाच्या दांडीला एक भोक पाडायचं म्हणलं की माणूस गाडीला किक मारतो अन् 18 किलोमीटर तालुक्याला जातो. भोक पाडायला पाच मिनिटं आणि 20 रुपये, पण जाण्यायेण्यात दुकानदाराच्या दारात बसण्यात अर्धा दिवस गेला, पेट्रोल गेलं ते वेगळं. घरी का करत नाही म्हणून विचारलं तर सगळे एकच सांगतात, धरायला कुणी नाही. म्हणजे वस्तू हलते. फरशीवर ठेवली तर सरकते, पायाखाली दाबली तर पाय कापतो. माझाबी कापलाय, मागच्या जूनमधी पेरणीच्या ऐन गडबडीत कोळप्याचा गंजलेला बोल्ट पायानं दाबून हॅक्सॉ ब्लेडनं कापायलो होतो, ब्लेड घसरलं अन् टाचेत घुसलं, चार टाके पडले आणि वापशाचे सहा दिवस मी ओट्यावर बसून काढले. तवाच ठरवलं की शेडमधी एक पक्का टेबल करायचा, वर वाईस, म्हणजे वस्तू जबड्यात घट्ट धरायचा शिकंजा, बसवायचा, अन् उभं राहून काम करायचं.

त्याच्या दोन वर्षं आधी मी एक तयार लोखंडी टेबल विकत घेतला होता, दुकानाचं नाव घेत नाही, 7000 रुपये दिले. दिसायला चकाचक पण अँगल पातळ, वरचा पत्रा पातळ, कानस लावली की सगळा टेबल घंटेसारखा वाजायचा आणि रंधा मारायला गेलं की टेबलच पुढं चालायचा. आता त्याच्यावर बियाण्याच्या पिशव्या ठेवतो. मी आयटीआयला फिटर केलंय, तिथं पहिले कित्येक आठवडे नुसतं वाईसपुढं उभं राहून कानस मारायला लावायचे, आम्हाला कंटाळा यायचा. पण मास्तरांचं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलंय, की बाक हलला तर हात चुकतो. एवढं शिकून मी तो पातळ पत्र्याचा टेबल घेतला ह्याचं मला आजबी वाईट वाटतं.

आता लाकडाचं सांगतो. आमचं जुनं घर माळवदाचं होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तवा किल्लारीकडच्या गावांसारखी आमच्या गावाची माती झाली नाही, पण आमच्या घराच्या दोन भिंती बाहेरच्या अंगाला सुटल्या, दगड अन् मातीच्या भिंती त्या, वर हातभर मातीचं छत. आतले लाकडाचे खांब मात्र जागच्या जागी उभे राहिले म्हणून आम्ही सगळे वाचलो. त्यानंतर माळवदाखाली झोपायची हिंमत कुणात राहिली नाही, पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी माळवद उतरवलं, वर पत्रे टाकले, आणि सरे (छताखालची लांब आडवी लाकडं), खांब, तुळया सगळं कोठ्याच्या मागं रचून ठेवलं. तीस वर्षं ते लाकूड कडब्याखाली पडून होतं. आमच्याच घरी असं नाही, औसा, निलंगा, लोहारा, उमरगा ह्या भागात कितीतरी जणांच्या दारात असं लाकूड आजबी पडलेलं आहे, कुणी जळणाला काढतो, कुणी भंगारवाल्याला किलोवर देतो. साहेब ते साग आहे, जुनं, पूर्ण वाळलेलं, आता नवीन घ्यायला गेलं तर परवडत नाही. ते जळणात घालू नका, हात जोडून सांगतो.

मी त्यातले दोन खांब अन् चार सरे काढले. वरून काजळीनं काळे मिट्ट, चुलीचा धूर किती वर्षं खाल्लेला, आणि अंगावर वाकसाचे (सुताराच्या तासायच्या हत्याराचे) घाव अजून तसेच, बोट फिरवलं की लागतात. आमच्या गावचे सुतारमामा आता 78 वर्षांचे आहेत, त्यांना गाडीवर बसवून शेतात आणलं. त्यांनी सऱ्यावर हात ठेवला आणि म्हणले, "हे माझ्या बापानं तासलंय बग. पोलिस ॲक्शन होऊन पाच-सा वर्सं झालीती, तुझ्या आज्यानं बैलगाडीत लाकूड आणलं हुतं, मी ढलप्या गोळा करत हुतो." पोलिस ॲक्शन म्हणजे 1948 साली निजामाचं राज गेलं ती. मी विचारलं मामा तुमच्याकडं तर असा टेबल कधीच नव्हता, तुम्ही धरायचे कसं. ते म्हणले, "आमचं सगळं बसूनच. फळी पायाच्या अंगठ्यानं दाबायची, करवत आपल्याकडं वढायची. आता गुडघा मोडत न्हाई, म्हणून तर काम सुटलं माझं." हे ऐकून मला लई लागलं. हातात कला शाबूत आहे, नजर शाबूत आहे, फक्त खाली बसता येत नाही म्हणून एका कारागिराचं काम दहा वर्षं बंद.

जुन्या लाकडात एक धोका असतो तो आधी सांगतो, खिळे. लोहारानं ठोकलेले खिळे आत मोडून बसलेले असतात, वरून दिसत नाहीत, आणि आरा मशीनवर गेले की पात्याचे दात जातात, तुकडा उडाला तर माणसाचा डोळा जातो. मी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधलं आणि प्रत्येक सऱ्यावरून चारी अंगानं हळूहळू फिरवलं, जिथं ओढ लागली तिथं खडूनं फुली मारली. चार सऱ्यात 23 खिळे निघाले. त्यानंतरच लाकूड आरा मशीनवर नेलं आणि सरे उभे चिरून दोन इंची फळ्या काढल्या. पातं फिरलं तसा सत्तर वर्षांच्या लाकडातून सागाचा तो तेलकट वास आला, मशीनवाला पोरगा पण दोन मिनिटं मशीन बंद करून वास घेत उभा राहिला.

ज्याच्याकडं माळवदाचं लाकूड नाही त्यानं एमआयडीसीकडच्या भंगारवाल्याकडं पॅकिंगची पॅलेट मिळतात ती बघावी, स्वस्त असतात. बाहेरून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चित्र अन् बाजूला इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, एचटी असलं तर लाकूड तापवून कीड मारलेली असते, ते घ्या, एमबी असलं तर मिथाइल ब्रोमाइड गॅस दिलेला असतो, ते घेऊ नका, कापताना भुसा नाकातोंडात जातो. पॅलेटचं लाकूड नरम असतं म्हणून पाय तरी बाभळीचे करा. बाभूळ वजनाला जड, पण ओली वापरली तर तडकते, जुने लोक ती पाण्यात टाकून ठेवायचे अन् मग सावलीत वाळवायचे. कमीत कमी एक उन्हाळा तरी तिला सावलीत राहू द्या.

टेबलाची उंची हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि इथंच लोक चुकतात, कुणाच्या तरी टेबलाचं माप घेऊन येतात. माप स्वतःच्या अंगाचं घ्यायचं. चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात कोपरात मोडायचा, वाईसचा जबडा कोपराच्या लाइनीत आला पायजे, म्हणजे कानस मारताना खांदा वर उचलत नाही की कंबर वाकत नाही. माझी उंची साडेपाच फुटाला एक इंच कमी, कोपर जमिनीपासून 41 इंचावर येतं. वाईस 6 इंच उंच, त्याच्याखाली एक इंची फळीचा तुकडा, म्हणून टेबल 34 इंच केला. ज्याला नुसतं रंध्याचंच काम करायचं त्यानं ह्याच्यापेक्षाबी थोडा खाली करावा, रंध्याला अंगाचं वजन वरून पडायला लागतं.

बांधणी साधी आहे. खांबाचे चार पाय केले, 4 इंची चौरस. वरची चौकट 5 फूट बाय 2 फूट. पायाला वरच्या बाजूनं खाच पाडली आणि आडवं लाकूड त्या खाचेत बसवलं, म्हणजे वजन लाकूड लाकडावर घेतं, बोल्टावर येत नाही. ह्याचा फरक फार पडतो, नुसते बोल्ट मारून आडवं लाकूड लटकवलं की वर्षभरात भोकं लांबुळकी होतात आणि टेबल डुगडुगायला लागतो. बोल्ट 10 एमएमचे, दोन्ही बाजूला मोठे वॉशर, नाहीतर नट लाकडात रुततो. जुन्या सागात स्क्रू डायरेक्ट पिळला तर डोकंच मोडतं, आधी बारीक भोक पाडा आणि स्क्रूला साबण चोळा, मग तो लोण्यात गेल्यासारखा जातो.

चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघायला महागडं काही लागत नाही, टेप लावून दोन्ही कर्ण मोजायचे, 5 बाय 2 ला कर्ण 5 फूट साडेचार इंचाच्या कणभर वर येतो, दोन्हीकडं सारखा आला की झालं. चारी पाय टेकतात का ते वेगळं बघायचं, नाहीतर बाजेला काण असते तसा एक पाय अधांतरी राहतो. त्यासाठी दोन सरळ पट्ट्या घेतल्या, एक ह्या टोकाला आडवी ठेवली, एक त्या टोकाला, खाली वाकून एका डोळ्यानं पट्टीवरून पट्टी बघितली, माझ्या टेबलात एक कोपरा अर्धा बोट वर होता. मामांना ते पट्ट्या न ठेवताच दिसलं होतं, पण ते गप्प बसले, मला शोधू दिलं.

एवढं सगळं करूनबी पहिल्या दिवशी रंधा मारला तर टेबल डावीउजवीकडं झुलायला लागला. चूक माझी, मी तिरकी पट्टी मारलीच नव्हती. चौकोन कितीबी पक्का करा तो दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही, पत्र्याच्या शेडच्या कैचीत वेल्डरनं तिरके अँगल उगाच दिलेले नसतात. मागच्या बाजूनं खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक पट्टी आणि दोन्ही बाजूंना एक-एक, अशा तीन पट्ट्या मारल्या आणि त्यानंतर मी अन् माझा मुलगा दोघांनी ढकलून बघितलं, हलला नाही. खाली एक फळी टाकून त्यावर वाळूची दोन पोती ठेवली, वजन जितकं खाली तितका टेबल ठाम.

वरच्या फळ्या एकमेकीला चिकटवू नका. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधी दुपारी उभं राहवत नाही, लाकूड आकसतं, अन् श्रावणात तेच लाकूड फुगतं. मी फळ्यांमधी एक रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट सोडली, तेवढी पुरते. आणि पाय डायरेक्ट मातीत टेकवायचे नाहीत, उधई (वाळवी) वर चढते. शहाबादी फरशीचे चार तुकडे खाली घातले, पायाच्या तळाला ट्रॅक्टरचं काळं ऑइल दोनदा पाजलं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, शेडमधी मुरूम टाकला तरी खालून हालचाल असतेच, म्हणून बाभळीच्या दोन-तीन पाचरी खिळ्याला अडकवून ठेवल्यात, पाय उचलला की पाचर मारायची.

आता जी गोष्ट सांगतो ती कृपा करून कापू नका. टेबलाला वरून मी जवसाचं तेल लावलं, आपल्याच भागात पूर्वी जवस भरपूर व्हायचा, तेल लाकडाला फार चांगलं, आत मुरतं आणि हवेवर सुकून घट्ट होतं. तेल पुसलेल्या चिंध्या मी गोळा करून एका पत्र्याच्या डब्यात कोंबल्या अन् डबा टेबलाखाली सरकवला, बाजूलाच कडब्याची गंज. संध्याकाळी बैल बांधायला गेलो तर करपल्यासारखा वास. बिडी कुणी ओढत नाही, चूल नाही, लाइट नव्हती. हुंगत हुंगत डब्यापाशी आलो, हात घातला तर आतला गोळा चटका बसेल एवढा गरम, मधोमध चिंधी तपकिरी पडलेली. डबा तसाच उचलून हौदात फेकला. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यातनं उष्णता निघते, चिंधी पसरलेली असली तर ती निघून जाते, गोळा असला तर आतल्या आत साठते आणि काडी न लावता पेट घेते. मी तासाभरानं गेलो असतो तर शेड, कडबा, दोन बैल, काहीच राहिलं नसतं. म्हणून तेलाची चिंधी दोरीवर उलगडून बाहेर वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. हे पेपरात मोठ्या अक्षरात छापलं तरी चालेल.

वाईस मी जुन्या बाजारातून 4 इंची घेतला, बिडाचा, स्क्रूला ग्रीस लावलं की नव्यासारखा फिरतो. तो पायाच्या बरोबर वर बसवा, मधी बसवला तर हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला फळी उसळते. आणि त्याचा मागचा, न हलणारा जबडा टेबलाच्या कडेच्या जरासा बाहेर आला पायजे, म्हणजे लांब पाइप उभा धरला तर टेबलाला अडत नाही. स्क्रूवर भागवू नका, आरपार बोल्ट मारा.

खर्च लिहून ठेवलाय. लाकूड चिरायला 400, टेम्पो 300, बोल्ट-वॉशर 350, स्क्रू 120, वाईस 900, जवसाचं तेल 180, बेरीज 2250 रुपये. मजुरी माझी अन् मुलाची, चार दिवस. मामांना मी पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, पायली भर ज्वारी घेतली, म्हणले सुगीला बलुतं आणायचो तसं वाटतंय.

टेबल झाल्यापासून वर्षभरात मी दुरुस्तीसाठी तालुक्याला दोनदाच गेलो, दोन्ही वेळा वेल्डिंगसाठी. खुरप्यांना धार, कुऱ्हाडीचा दांडा, स्प्रिंकलरच्या पाइपचं कापणं, पंपाचा वॉशर, वखराची पास सरळ करणं, सगळं शेडमधी. शेतातली थ्री फेज कधी दिवसा कधी रात्री, तिच्या भरवशावर काम धरता येत नाही, पण वाईस असला की हातकरवत अन् हातड्रिलनंबी काम होतं. ग्राइंडर चालवताना डोळ्याला चष्मा मात्र लावाच. शेजारपाजारचे शेतकरी येतात, वापरतात, मी कुणाला नाही म्हणत नाही. आणि मामा आठवड्यातून दोन दिवस येतात. त्यांची उंची कमी, म्हणून त्यांच्यासाठी पायाखाली चार इंची लाकडी पाट केलाय. उभं राहून त्यांनी पहिल्यांदा रंधा मारला तेव्हा ढलपी अखंड निघाली, टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कागदासारखी पातळ. त्यांनी ती उन्हात धरून बघितली आणि माझ्या नातवाच्या हातात दिली.

संपादक साहेब, माझ्या दोन मागण्या आहेत. एक, तुमच्या शेतीच्या पानावर एखाद्या रविवारी अशा टेबलाचं मापासकट चित्र छापा, उंची स्वतःच्या कोपरावरून कशी काढायची ते ठळक छापा, मी मापं पाठवायला तयार आहे. दोन, आमच्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत असा एक-एक टेबल असावा असं तुम्ही लिहा. आमच्या गावातल्या सातवीच्या पोरांना मोबाइलमधलं सगळं येतं, पण स्क्रू कोणत्या बाजूला फिरवला की सुटतो हे वर्गातल्या निम्म्या पोरांनी माझ्या शेडमधी येऊन शिकलं, पोरी तर मामांच्या बाजूनं हलायलाच तयार नसतात. मी शाळेत जाऊन बोललोय, व्हरांड्याची एक बाजू द्यायला ते तयार आहेत. कोठ्याच्या मागं अजून दोन खांब अन् तीन सरे आहेत, त्यावर चुंबक फिरवून झालंय, खडूच्या फुल्या मारून ठेवल्यात. सोयाबीनच्या बनमी (कापून रचलेले ढीग) उठल्या की दिवाळीच्या सुट्टीत बसवायचं ठरलंय, आणि पोरांच्या कोपराची मापं मामांनी आत्ताच घेऊन वहीत लिहून ठेवलीत.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. औसा, जि. लातूर